दुसरी डिस्क देवघरात

काय सांगू तुम्हाला! लोकांच्या भानगडी छापण्यात माझी हयात गेली, पण या भानगडीत आरोपी आणि फिर्यादी, दोन्ही मीच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. काशीतल्या पंचगंगा घाटाच्या डागडुजीत एका ठेकेदाराने पायऱ्यांखाली नुसती रेती भरली होती. रविवारच्या अंकात मी त्याला सोलणार होतो.

आमच्या काशीत वीज येते कमी, जाते जास्त. म्हणून माझा मेहुणा श्रीधर, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा, याने कचेरीतल्या मशीनवर लिनक्स घालून दोन हार्ड डिस्क बसवल्या होत्या. लिहिलेलं दोन्हींवर उमटायचं. मशीन सुरू होताना लिनक्स दोघींना जुळवून एकच धरायचा. एक बिघडली तरी दुसरीवर काम चालू.

एक नसली तरी चालतं? मग एक घरी का नेऊ नये? ठेकेदाराची माणसं संपादकांकडे चहाला येऊ लागली होती. मी डिस्क काढली आणि ब्रह्मा घाटावरच्या घरी, देवघरात गंगाजलाच्या गडूमागे ठेवली. हिने तिला हळदकुंकू वाहिलं नाही, एवढंच.

मग खरं घबाड लागलं. एक नावाडी म्हणाला, रेती माझ्याच नावेतून उतरवली. मी ते कचेरीत टाइप केलं आणि टिपणांचे कागद, कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून, फाडून गंगार्पण केले. पत्रकार असावा तर असा!

पण माझा संशयी स्वभाव. रोज सकाळी, कुणी यायच्या आत, कचेरीची डिस्क सोडवून देवघरातली जोडायची, मशीन दोनतीनदा चालू-बंद करायचं, शाबूत आहे ना बघायचं आणि तिला परत घरी न्यायचं.

अंक छपाईला जायच्या दिवशी, आता लपवायचं कारण उरलं नाही म्हणून, दोन्ही एकदम जोडल्या. पडद्यावर आलं की एक डिस्क शिळी आहे, बाहेर काढतोय. शिळी म्हणजे घरचीच, दुसरं काय? मी श्रीधरने शिकवलेली आज्ञा देऊन तिला पुन्हा आत घेतलं.

लेख उघडला. नावाडी गायब!

श्रीधरला बोलावलं. मशीनमध्ये कुणीतरी शिरलंय, मी ओरडलो. त्याने सगळं विचारून घेतलं आणि हसायलाच लागला.

"जिजाजी, दोघींचं जुळलं नाही तर लिनक्स मजकूर वाचत नाही. चालू-बंदची नोंद जिची जास्त, ती ताजी. देवघरातलीला तुम्हीच उठवून उठवून ताजी केलीत."

"आणि मी आत घेतली ती?"

"कचेरीची. नावाडी फक्त तिच्यावर होता, आणि देवघरातलं जुनं सगळं तिच्यावर उतरवून घेतलंत. बढिया काम किया!"

नावाड्याकडे धावलो. तोवर त्यालाही कुणीतरी चहा पाजला होता. "बाबूजी, हम तो कुछ कहे ही नहीं," म्हणाला आणि वल्हं मारत निघून गेला.

रविवारी जुनाच लेख छापला, बिनपुराव्याचा. ठेकेदाराला झोडणारं पहिलं वाक्य तेवढं शाबूत होतं: 'जुनं खोटं रोज उठवून उभं केलं की जग त्यालाच ताजं सत्य मानतं.'

खाली नाव माझंच.