प्रिन्सिपल साहेबांचं मटर-मशरूम

संध्याकाळी मी वाटी उचलली. खालच्या पांढऱ्या कागदावर हिरवा ठसा उमटला होता.

याला आम्ही बॉटनीवाले स्पोअर प्रिंट म्हणतो. मशरूमची छत्री देठ काढून कागदावर ठेवायची, वर वाटी झाकायची. काही तासांत तिचे बारीक बीजाणू, म्हणजे स्पोअर्स, खाली गळतात आणि त्यांचा रंग दिसतो. अशा मोठ्या पांढऱ्या छत्रीचा ठसा हिरवा आला, तर ती विषारी. ओकाऱ्या, जुलाब आणि थेट सलाईन.

सकाळीच आमच्या कॉलेजची फील्ड ट्रिप उज्जैनबाहेरच्या जंगलात गेली होती. मी मुलांना झुडपावर चढलेली कळलावी दाखवत होते, तेवढ्यात प्रिन्सिपल साहेबांनी गवतातून रुमालभर मशरूम खुडले. नव्वदच्या दशकात आमच्याकडे लग्नाच्या जेवणात मटर-मशरूम नुकतंच आलं होतं आणि साहेब त्याच्यावर फिदा होते. तपासल्याशिवाय खाऊ नका, असं मी सांगून पाहिलं.

"मॅडम, गर्मी में हर शादी में खाया है. यही था."

एक छत्री तेवढी मी तपासायला मागून घेतली. बॉसपुढे याहून जास्त शहाणपण चालत नाही.

ठसा बघताच घराखालच्या पीसीओवरून त्यांच्या घरी फोन लावला. लागेना. मोपेड काढली आणि देवास गेटहून माधव नगरकडे सुटले. टावर चौकात ही गर्दी. साहेबांची दोन नातवंडंही जेवायला बसली असतील, या विचारानं मी रडकुंडीला आले होते.

पोचले तर सगळे ताटावर.

"सर, मशरूम खाल्लेत?"

साहेबांचं तोंड एवढंसं झालेलं. "कहाँ मॅडम? लौकी बनी है."

चातुर्मास कडक पाळणाऱ्या त्यांच्या आई, माँजी, शांतपणे म्हणाल्या, "चौमासे में ऐसी चीज़ मेरी रसोई में नहीं चढ़ेगी."

रुमाल बाहेर चपलांशेजारी पडला होता, गाठही न सोडलेला. मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच बसकण मारली. माँजींनी मलाही ताट वाढलं. एरवी दुधी म्हटलं की मी नाक मुरडते, त्या दिवशी दोनदा मागून घेतला.

निघताना साहेबांनी हळूच विचारलं, दिवाळीनंतर चालेल का? मी पर्समधला हिरव्या ठशाचा कागद त्यांच्या हातात दिला आणि रुमाल उचलून घरी आणला.

माँजींना विषाचं काहीच ठाऊक नव्हतं. पण तेव्हापासून दर ट्रिपला मी मुलांना एकच नियम सांगत आले: जंगलातली छत्री ओळखता येत नसेल, तर बारा महिने चौमासा पाळा.