हिरवी पट्टी

मृत्यूनोंदणीच्या खिडकीवरच्या बाईंना कचेरीत सगळे सावकाशबाई म्हणत. मागे म्हणत आणि तोंडावरही म्हणत. एकवीस वर्षं एकाच खिडकीवर काढल्यावर असल्या गोष्टींचं वाईट वाटायचं राहून जातं, तसं त्यांचं झालं होतं.

सावकाश का, तर त्यांची एक रीत होती. अर्ज भरून झाला की शिक्का मारण्याआधी त्या गेलेल्या माणसाचं नाव मोठ्याने वाचत आणि समोरच्याला सांगत, "आता तुम्ही म्हणा." समोरचा म्हणे. कुणी तिथेच रडू लागे, कुणी नावातली चूक सांगे. बाई थांबत. यात एकेका माणसामागे नऊ-नऊ मिनिटं जात, पण त्यांचा दाखला दुरुस्तीला परत आला असं क्वचितच घडे.

मग नवी पद्धत आली. पगारवाढ आता नोकरीच्या वर्षांवर नाही, कामगिरीवर. ऐकायला किती झकास! शहाण्या माणसांनी बसून ठरवलं, दर माणसामागे चार मिनिटं. भिंतीवर एक फलक लागला आणि त्यावर प्रत्येक खिडकीची पट्टी चमकू लागली : हिरवी, पिवळी नाहीतर लाल. किती टोकनं निकाली निघाली, एवढंच त्या फलकाला कळे. चुकलेला दाखला दुरुस्तीला आला की त्याचं नवं टोकन निघे आणि तेही कामात धरलं जाई. शेजारच्या खिडकीवर जन्माचे दाखले देणाऱ्याला सगळे धडाका म्हणत. त्याच्याकडची निम्मी माणसं चुका दुरुस्त करायला परत त्याच्याकडेच येत, आणि म्हणून त्याची पट्टी कायम हिरवीगार. एकाच चुकीची दोनदा शाबासकी! भाजीवाल्याने असा धंदा केला असता तर लोकांनी त्याला बाजारात उभं राहू दिलं नसतं.

बाईंची पट्टी लागोपाठ दोन तिमाह्या लाल आली. साहेब वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत होती. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"बाई, तिसऱ्यांदा लाल आलं ना, तर माझ्या हातात काही राहत नाही. थेट बदली. नदीपलीकडच्या गोदामात."

"मला पगारवाढ नको, साहेब. फक्त इथे राहू द्या."

"तसा रकानाच नाही हो त्यात."

बाईंचं घर कचेरीपासून सात मिनिटांवर होतं, आणि घरात थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली. रोज दुपारच्या सुट्टीत बाई धावत घरी जात, ताईला कुशीवर वळवत, पाणी पाजत, पाठ पुसून पावडर लावत आणि तशाच धावत परत येत. हे वळवणं चुकलं की पाठीची सालं निघत. गोदामातून दुपारी घरी येणं शक्यच नव्हतं.

"ताई, उद्यापासून मी नाव वाचणार नाही," संध्याकाळी त्यांनी सांगून टाकलं.

"मग काय करणार?"

"शिक्के मारणार. धडाक्यासारखे."

ताई छताकडे बघत म्हणाली, "माझा दाखला करशील तेव्हा मात्र वाच हं. नाहीतर माझ्याऐवजी तूच जायचीस."

दोघी खूप दिवसांनी पोट धरून हसल्या.

त्या तिमाहीत बाईंनी धडाक्यालाही मागे टाकलं. एके दिवशी खिडकीशी एक म्हातारी आली. नवरा गेला होता. मागे बावीस टोकनं उरलेली आणि सुट्टीला पाऊण तास. संगणकावर मृताचं नाव आणि माहिती देणाऱ्याचं नाव हे रकाने एकाखाली एक असतात. बाईंनी समोर बसलेल्या म्हातारीचं नाव वरच्या रकान्यात घातलं, तिच्या नवऱ्याचं खालच्या. स्त्री की पुरुष, तेही समोर बघूनच भरलं. रोज तीस-तीस मेलेली माणसं लिहिणाऱ्याच्याच हातून असली चूक होते. शिक्का बसला. म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद डोळ्यांना लावला, घडी करून पिशवीत ठेवला आणि बाईंना तोंडभर आशीर्वाद देऊन ती गेली. तीन मिनिटं दहा सेकंद लागले.

तिमाही हिरवी आली. साहेबाने सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या. बदली टळली.

चार महिन्यांनी चाळिशीतली एक बाई खिडकीशी आली. आईच्या मृत्यूची नोंद करायची होती. बाईंनी नाव घातलं. संगणकाने उत्तर दिलं : ही व्यक्ती आधीच मयत आहे, नोंद स्वीकारता येत नाही.

"असं कसं? आई परवा गेली," ती म्हणाली आणि तिने पिशवीतून घडी केलेला कागद काढला. "बाबांचा दाखला म्हणून तिने हा जपून ठेवला होता. मी काल उघडून वाचला. यावर तिचंच नाव आहे."

खाली बाईंची सही होती.

"तिचा निराधार भत्ता चार महिन्यांपूर्वी बंद झाला. या कचेरीतून त्या कचेरीत हेलपाटे घालत होती. सगळे म्हणायचे, नाव बंद झालंय, का ते कुणी सांगेना. मी परगावी. मला फोनवर म्हणायची, मिळेल गं. रक्तदाबाच्या गोळ्या आधी अर्ध्या केल्या, मग सोडल्याच. हे मला शेजारणीकडून कळलं."

"ही चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "माझ्याच हातून झालं हे."

"मग आता?"

आता आधी दुरुस्ती करायची होती. बाईंनी मृताच्या रकान्यातलं नाव काढून तिथे नवऱ्याचं नाव घातलं. म्हातारी जिवंत झाली. ते एक टोकन. मग नवा अर्ज उघडून तिला परवाच्या तारखेला पुन्हा मयत लिहिलं. ते दुसरं टोकन. शिक्का हातात घेऊन बाई थांबल्या आणि त्यांनी तिचं नाव मोठ्याने वाचलं.

"आता तुम्ही म्हणा."

"मी का म्हणू?" मुलगी म्हणाली. "तुम्हीच म्हणा."

बाईंनी पुन्हा म्हटलं. या वेळी अर्ध्यातच त्यांना रडू कोसळलं. दाखला घेऊन मुलीने तो नीट वाचला, प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचला, आणि ती निघून गेली.

"वा, बाई!" शेजारून धडाक्याने फलकाकडे बोट दाखवलं. पट्टी दोन घरं पुढे सरकली होती, हिरवीच होती. सुट्टी होऊन दहा मिनिटं झाली होती. बाईंनी डोळे पुसले आणि ताईला वळवायला त्या घराकडे धावत सुटल्या.