बापूसाहेबांचा चौथा बोअर

केंदूरच्या बन्सीची रश्मी आधी सणसवाडीच्या एका कारखान्यात पत्र्याच्या पार्टांची ड्रॉइंग करायची. आता ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत असते. परदेशात अणूपेक्षा बारीक कणांची टक्कर घडवतात, त्यांचा माग काढणारा डिटेक्टर तिथं आखला जातोय. कण सिलिकॉनच्या पातळ चकत्यांतून जाताना खूण सोडतो. त्या चकत्या जिच्यावर बसतात ती चौकट रश्मी आखते. चौकट जाड झाली की कण तिला अडखळून वाट बदलतो आणि माग चुकतो. म्हणून ती मजबूत हवी, पण जवळपास नसल्यासारखी हवी. दोन वर्षं डोकं खपवून रश्मीनं तिचं वजन बारा ग्रॅमनं उतरवलं. पेपरात चार ओळी आल्या.

लगेच माजी सरपंच बापूसाहेबांनी सत्कार ठेवला. फ्लेक्सवर हात जोडलेले बापूसाहेब, कानाला मोबाइल लावलेले त्यांचे चिरंजीव आणि खाली कोपऱ्यात पासपोर्टएवढी रश्मी. ती दहावीला पहिली आली तेव्हा ‘बन्सी, आता उरकून टाक पोरीचं’ म्हणणारे हौसराव गुरुजी ‘ही माझी विद्यार्थिनी’ यावर वीस मिनिटं बोलले.

चहा झाल्यावर बापूसाहेब म्हणाले, “रश्मीताई, जरा मळ्यात चला. तीन बोअर कोरडे गेले. तुमचा डिटेक्टर लावा.”

आजवर ते तिला ‘बन्सीची पोर’ म्हणत. वडील नजरेनं विनवत होते, म्हणून ती गेली.

“बापूसाहेब, तो पाण्याचा नाही, कणांचा आहे. आत्तासुद्धा आभाळातनं आलेले कण तुमच्या तळहातातनं जातायत. सेकंदाला एखादा.”

बापूसाहेबांनी हात खिशात घातला. “आन् बन्सीच्या?”

“त्यांच्याही तेवढेच.”

“आसं कसं? आमचं घराणं मोठं. आमच्यातनं जास्तच जात आसत्याल.”

“कण विचारत नाहीत, बापूसाहेब.”

तेवढ्यात तिच्या चपलेत सराट्याचा काटा घुसला. तो काढायला ती वाकली. गुरुजींनी बापूसाहेबांना कोपरानं ढोसलं. “बगा, तोंडानं सांगत न्हाई, पर जागा दावली!” ती गेल्यावर तिथं दगड ठेवला, नारळ फोडला आणि आठवड्यात बोअरची गाडी लावली. पाचशे फुटांवरही नुसती कोरडी पांढरी भुकटी निघाली.

बन्सीचा फोन आला. “पोरी, तुजा डिटेक्टर फेल गेला म्हनत्यात. तुज्या आईला दुकानात बी इचारत्यात.”

आधी ती हसली. आईचं ऐकून हसू थांबलं. रविवारी येऊन ती ग्रामसभेत उभी राहिली. “मी मशीन आणलंच नव्हतं. पायातला काटा काढला, तिथं तुम्ही बोअर मारला.”

सभा खदखदली.  गुरुजी उठले, “म्हंजी बिगरमशीनचीच जागा दाखवली? ही जबाबदारी कुणाची?”

पुढच्या वर्षी चौकट परदेशी गेली, बसली, चालली. बापूसाहेबांनी पुन्हा सत्काराचा निरोप धाडला. बन्सी दारातच म्हणाला, “तिला येळ न्हाई. नव्या चौकटीचं आजून दोन ग्रॅम उतरवायचंत.”