वर केलेला सदरा

आजारी भाच्याला भेटायला मी दवाखान्यात गेले होते. शेजारच्या खाटेवर सहासात वर्षांची मुलगी होती. ऑपरेशन होऊन पोटावर टाके पडलेले. तेवढ्यात डॉक्टर आले, मागे शिकाऊ पोरांचा घोळका. तिच्याशी अवाक्षरही न बोलता त्यांनी तिचा सदरा वर केला. तिनं तो खाली ओढला, तर आईनंच तिचे हात धरले. "लाजतेस काय, डॉक्टर आहेत ते."

आल्यागेल्याला आपण घरचं कपाटसुद्धा उघडून दाखवत नाही. लेकराचं अंग मात्र चारचौघांचं.

सगळे गेल्यावर मी बिस्किटाचा पुडा घेऊन तिच्याजवळ गेले आणि विचारलं, "नाव काय गं तुझं?"

तिनं पुड्याकडे पाहिलंही नाही. छताकडे बघत मुकाट्यानं सदरा वर केला.