दारातून पाहिलेली फायनल

कोणी वाचलंच तर माफ करा. अक्षर वेडंवाकडं आहे, चुकाही असतील. मी चौथीच शिकले.

आमची लेक सुली देशाच्या फुटबॉल कपाच्या फायनलला गोलात उभी होती. सामना बरोबरीत सुटून पेनल्टी चालू होत्या. मला बसवेना, म्हणून भाकऱ्या थापत होते.

"काकू, या की भाईर! ही अडवली की कप आपला!" शेजारची रंजी ओरडली.

भाकरी तव्यावर टाकून दारातूनच गल्लीत मांडलेला टीव्ही पाहिला. सुलीनं हातमोजे ओले करून एकमेकांवर थापटले, भाकरीआधी मी करते तसेच.

चेंडू अडला. गल्ली नाचली. किक मारणारी पोर गवतावर बसून राहिली. तिची आईही अशीच दारात असेल का? माझा जीव ठिकाणावर येईना. सुली जाऊन तिच्याशेजारी बसली, तेव्हा कुठे मला करपलेल्या भाकरीचा वास आला.