दमट शहरातला कूलर

दरवर्षी मे महिना लागला की माझा जुना साहेब आमच्या गिरणीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच एक फोटो टाकतो. फोटोत मी आहे, उघडाबंब, कमरेला टॉवेल, घामानं निथळत असलेला. मागे खिडकीत पत्र्याचा कूलर. खाली लिहितो, 'आमचे वऱ्हाडी शास्त्रज्ञ!' मग सगळे हसण्याचे चेहरे पाठवतात. यंदाही पाठवले. मी दारव्ह्यात घरच्या कूलरसमोर बसून एकेक चेहरा पाहिला.

"कायले पाहून राह्यले ते? निघून जा ना त्या गुरूपमधून," बायको म्हणाली.

नाही निघत. काहून निघू? मले त्या माणसाचा सूड घ्यायचा आहे. एकदा घेतला होता, पण तो फसला. यंदा फोटोखाली मी त्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि पुसल्या. काय पुसलं ते इथं सांगतो.

मध्य अमेरिकेत होंडुरास नावाचा देश आहे. तिथल्या सूतगिरण्यांच्या एका शहरात मी चार वर्षं होतो. काम माझं गिरणीतली हवा सांभाळायचं. ऐकायला गंमत वाटते, पण सूत हवेवर चालतं. हवा कोरडी झाली की धागा तटातट तुटतो, जास्त ओली झाली की यंत्राच्या रुळाला गुंडाळतो. मोठाले पंखे, पाण्याचे फवारे आणि झडपा, एवढ्यावर माझं राज्य. यवतमाळकडच्या गिरणीत बारा वर्षं हेच केलं होतं, म्हणून तर बोलावलं त्यांनी.

साहेब आपल्याच राज्यातला, पण पश्चिमेकडचा. मला घ्यायला विमानतळावर आला तेव्हा मी म्हणालो, "साहेब, मले वाटलं कोणी येते का नाही." त्या 'मले'वर तो जो हसायला लागला तो चार वर्षं थांबला नाही.

उन्हाची मला भीती नव्हती. सेहेचाळीस डिग्रीत लहानाचा मोठा झालो. तिथं पारा छत्तिसावर. पहिल्या दिवशी बायकोला फोनवर म्हटलं, "अवं, हे तर आपल्याकडची होळी आहे." आठ दिवसांत माझी बोलती बंद झाली. बाप्पा, तिथला घाम वाळतच नाही! बनियन अंगाला चिकटलेलं, मीठ डब्यात पाणी झालेलं, कपाटातल्या चपलांना बुरशी. गिरणीनं दिलेल्या खोलीत एसी होता. साहेबाच्या घरचा बिघडला म्हणून तो माझा काढून घेऊन गेला. "दोन दिवसांत नवा बसवतो," म्हणाला. दोन महिने झाले तरी भिंतीतलं भोक तसंच.

मग मी ठरवलं, तुझा एसी घाल चुलीत, आपण कूलर बनवू. भंगारातून पत्रा आणला, गिरणीतला एक जुना पंखा, माशांच्या पेटीतला छोटा पंप. वाळा मिळेना म्हणून तिथलंच वाळलेलं गवत जाळीत दाबून भरलं. रविवारी खिडकीत बसवला आणि बटण दाबलं. गवतावरून पाणी टपटपलं, ओला वास आला, आहाहा! पाच मिनिटं मी दारव्ह्यात होतो. त्यानंतर भिंतींना पाणी सुटलं, उशी फुगली, दार चौकटीत अडकून बसलं. घाम कोणता आणि कूलरचं पाणी कोणतं ते मला कळेना.

कूलर कोरड्या हवेत चालतो, दमट हवेत नाही, हे मी गिरणीत नव्या लोकांना शिकवायचो. त्या दिवशी हात घरच्या सवयीनं चालत गेले, डोक्याला कोणी विचारलंच नाही. आणि नेमका तेव्हाच साहेब काही कागद घेऊन आला. खांद्यानं दार ढकललं, मला पाहिलं, फोन काढला.

सोमवारी सगळ्या गिरणीनं तो फोटो पाहिला होता. जेवणावळ असो, कोणाचा वाढदिवस असो, साहेब फोन काढणारच. "हवेचा माणूस, आणि ह्याला हवाच कळत नाही!" हसण्यावारी नेलं असतं मी. पण विभागप्रमुखाची जागा मला द्यायचं ठरत आलं होतं, तेव्हा ह्यानं तोच फोटो मालकाला दाखवला. जागा दुसऱ्याला गेली. त्या दिवशी मी शपथ घेतली, की ह्या माणसाला मालकासमोर असंच उघडं पाडायचं.

फोटोवर न हसलेली एकच बाई होती. रिंगफ्रेमवर, म्हणजे सूत कातायच्या लांबलचक यंत्रावर काम करायची, पन्नाशीची असेल. मी तिला मावशी म्हणायचो, मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये अर्थ समजावून सांगितला होता. तिनं विचारलं, "तुझ्या गावी चालतं का हे यंत्र?" मी म्हटलं, चालतं. "मग यंत्र चांगलं आहे. आमची हवा वाईट आहे." दुसऱ्या दिवशी तिनं घरचा दोरीचा झुला आणून दिला, ओसरीत बांध म्हणाली. त्या झुल्यावर मला त्या देशात पहिल्यांदा धड झोप लागली. डब्यात ती मैद्याची जाड पोळी आणायची, आत घोटलेला राजमा. त्यातली अर्धी माझी असायची.

मग मालक पाहणीला येणार असं कळलं. त्या सकाळी मी फवाऱ्यांचे पंप बंद केले. एवढंच. तासाभरात यंत्रांच्या उष्णतेनं हवा सुकली. हॉलमध्ये यवतमाळचा मे महिना उतरला. कापसाचं भुस उडायला लागलं, धागे तटातट तुटायला लागले, बायका ह्या टोकाकडून त्या टोकाकडे जोडत धावायला लागल्या. मालक आणि साहेब बरोबर त्याच वेळी आत आले. मी पंपांच्या खोलीच्या काचेआडून पाहत होतो. खोटं कायले बोलू, लय मजा आली. साहेबाचा उतरलेला चेहरा पाहून माझा जीव थंड झाला. आता मार ना हवेच्या माणसाचे विनोद!

मालकानं तुटलेला धागा उचलून काही विचारलं. साहेबानं वर फवाऱ्यांकडे पाहिलं नाही, हवेतला ओलावा दाखवणारा भिंतीवरचा काटा पाहिला नाही. जवळच्या फ्रेमवर मावशी होती, तिच्याकडे बोट केलं. बाईचं वय झालंय, लक्ष नसतं, असं काहीतरी म्हणाला, हे मला नंतर कळलं. मालकानं मान हलवली. पंधरा मिनिटांत मावशी अंगातला ॲप्रन काढत होती.

मी पंप चालू केले आणि धावतच साहेबाच्या केबिनमध्ये गेलो. "पंप मी बंद केलते, साहेब. मुद्दाम. तुमची फजिती व्हावी म्हणून. तिचा काही दोष नाही, तिले परत बोलवा."

साहेब डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला. "तू? मुद्दाम? अरे, तुला एवढी अक्कल असती तर दमट हवेत कूलर लावला असतास का? चुकून राहिले असतील बंद. जा, आणि हे कुठं बोलू नकोस, नाहीतर तुझीही नोकरी जाईल."

मुद्दाम केलं, हे मी पुन्हा एकदा ओरडून सांगायला पाहिजे होतं. मालकाची गाडी अजून आवारातच होती, खिडकीतून मला दिसत होती. मी "बरं साहेब" म्हणालो. आणि राजेहो, मला हायसं वाटलं. नोकरी वाचली म्हणून हायसं वाटलं. त्या माणसाच्या हसण्याचा मला फायदा झाला, ह्याचा राग माझा आजही जात नाही.

फाटकापाशी मावशी उभी होती, हातात डब्याची पिशवी. रडत नव्हती. मला पाहून तिनं विचारलं, "आज हवेला काय झालं होतं रे?"

"यंत्र बिघडलं होतं," मी म्हटलं.

"दुरुस्त करून घे लवकर," ती म्हणाली, "आत पोरी आहेत." आणि पिशवीतून पोळी काढून तिनं अर्धी मला दिली.