चैती गुलाबाच्या काड्या

पती नूर मोहम्मद वारल्यावर रहमतबींच्या दाराची कडी वाजवणारी माणसं एकेक करून कमी झाली. ते होते तेव्हा पहाटेपासून वर्दळ असायची. कोणाला दर्ग्यावर चढवायला फुलांची चादर हवी असे, कोणाला नवरदेवाचा सेहरा. चंद्रपुरात पठाणपुऱ्याच्या त्या गल्लीत फुलवाल्याचं घर विचारलं की शेंबडं पोरही बोट दाखवायचं. आता लग्नवाले हैदराबादहून आलेला लांब दांड्याचा, बिनवासाचा गुलाब घेत, आणि रहमतबींच्या दारात सकाळचा दूधवाला तेवढा येई. तोही भांड्यात दूध ओतून न बोलता निघून जाई.

मुलगा शहबाज घुग्घुसला सिमेंट कारखान्यात होता. मुलगी शिरीन लग्न होऊन आदिलाबादला गेलेली. दोघांनीही आईला आपल्याकडे बोलावून पाहिलं. "अंगणातले झाडं कोणाच्या भरवशावर टाकू?" असं त्यांचं ठरलेलं उत्तर. काही दिवसांनी मुलांनी विचारणंच सोडलं. ते सोडतील असं मात्र रहमतबींना वाटलं नव्हतं.

अंगण होतंही तसंच. सासूच्या सासूपासून चालत आलेली झाडं. तेरड्याच्या जातीची, दुहेरी पाकळ्यांची गुलमेंदी, पांढऱ्यावर लाल रेघा ओढलेला गुलेअब्बास म्हणजे गुलबक्षी, सब्जाच्या वासाचा रैहान, मरवा, आणि विहिरीशेजारी भिंतीला टेकलेला चैती गुलाब. वर्षातून एकदाच, चैताच्या सुमारास फुलणार. फिकट गुलाबी फूल, दुपारपर्यंत गळून पडणारं. पण वास गल्लीच्या तोंडापर्यंत. गुलाब सोडून बाकी सगळ्यांचं बी रहमतबी राखेत घोळून, वर वाळला कडुनिंब घालून काचेच्या बाटल्यांत भरून ठेवत. भिंतीतल्या फडताळात बाटल्यांची रांग होती.

अठ्ठ्याण्णव साली, दिवाळी नुकतीच सरलेली. कडी वाजली. दारात तिशीची एक बाई, खांद्याला कापडी पिशवी.

"चाची, फुलवाल्या नूर मोहम्मदभाऊंचं घर हेच काय?"

"हाव. पण ते नाई आता. चादर पाहिजे होती काय?"

"नाई जी. झाडं पाहाले आली."

तिचं नाव साधना. नवरा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात इंजिनीअर. राहायला तिथलंच क्वार्टर. मूळची सिंदेवाहीची, बाप धान संशोधन केंद्रात नोकरीला, त्यामुळं बियांच्या पिशव्यांतच खेळून मोठी झालेली. कॉलनीतल्या बायकांच्या मंडळाला बागेसाठी जागा मिळाली होती. इतर बायकांना नर्सरीतली रंगीत पानांची झाडं हवी होती. हिनं हट्ट धरला, की गोंडराजांच्या परकोटात, या जुन्या घरांच्या अंगणांत जी झाडं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तीच लावायची. शोधत शोधत इथं पोचली होती.

रहमतबींनी तिला सगळं अंगण दाखवलं. मरव्याचं पान चुरडून हातावर ठेवलं. कोणती फुलं सेहऱ्यात जात, कोणती कबरीवर, सारं सांगितलं. बोलता बोलता स्वतःचाच आवाज त्यांना अनोळखी वाटला, इतक्या दिवसांत एवढं बोलणं झालं नव्हतं.

"चाची, सगळ्याचं थोडं थोडं बी देता काय?" साधनानं विचारलं.

दोघी ओसरीवर बसल्या होत्या, फडताळ दोन हातांवर होतं. रहमतबी उठल्या, त्यातली एकच बाटली काढली, तिकडं पाठ करून उभ्या राहिल्या, आणि गुलेअब्बासच्या मिरीसारख्या काळ्या बिया तेवढ्या पुडीत बांधून दिल्या.

"बाकीचं निवडा लागते बेटी. पुढच्या बाजाराच्या दिवशी येजो."

खोटं बोलल्याचं त्यांना पुढं दिवसभर टोचत राहिलं. पण बाजाराचा दिवस उजाडला तेव्हा त्यांनी सकाळीच शेवया भाजायला घेतल्या होत्या.

साधना आली. त्या दिवशी तिला रैहान मिळाला. पुढच्या खेपेला मरव्याची मुळं, त्याच्या पुढच्या खेपेला गुलमेंदी. कॉलनीची बस तिला बाजारात सोडे आणि ती भाजी घ्यायच्या आधी गल्लीत शिरे. दोघी विहिरीच्या कठड्यावर बसत. साधना नवऱ्याच्या पाळ्यांचं सांगे, वीज केंद्रातून उडून खिडकीच्या गजावर बसणाऱ्या राखेचं सांगे. रहमतबी नूर मोहम्मदांचं सांगत. मधल्या दिवसांत काय सांगायचं याची त्या मनात जुळवाजुळव करून ठेवत.

शेवटी गुलाब उरला. तो बीवर येत नाही, काड्या लावाव्या लागतात, आणि त्याही थंडीतच. ऊन तापलं की काडी जळते. रहमतबींना हे ठाऊक होतंच. पण गुलाब दिला की संपलं, मग ही कशाला येईल?

"अजून लाकूड कवळं हाय," त्या पौषात म्हणाल्या.

"थांबू मंग," साधना म्हणाली.

माघातही त्यांनी तेच सांगितलं. साधनानं झाडाकडं पाहिलं, रहमतबींकडं पाहिलं, आणि विषय बदलला.

होळी झाल्यावर काही कारण उरलं नाही. रहमतबींनी काड्या कापल्या, ओल्या गोणपाटात गुंडाळून दिल्या. चंद्रपूरचं ऊन ते. महिन्याभरात सगळ्या काड्या काळ्या पडल्या. साधना ते सांगायला आली, पण सांगायचं एवढंच नव्हतं.

"चाची, यांची बदली झाली. परळीले. या महिन्यातच जाऊन राह्यलो."

रहमतबी एकदम म्हणाल्या, "काड्या मी मुद्दाम उशिरा देल्या. बीही पहिल्याच दिवशी सगळं तयार होतं."

"मले माहीत हाय. फडताळ उघडंच तर होतं. बाटल्या दिसल्या होत्या."

"मंग बोलली काऊन नाई?"

साधना विहिरीत पाहत राहिली. "सगळं एका दिवशी घेतलं असतं तर मी इथी कशाले आली असती चाची? दार लावून त्या क्वार्टरात बसा लागलं असतं."

रहमतबींनी तिचा हात धरला. दोघी हसल्याही थोड्या. पण काड्या जळल्या होत्या, आणि ती जाणार होती, ते काही बदललं नाही. जाताना साधनानं परळीच्या क्वार्टरचा फोन नंबर दिला.

पुढच्या थंडीत रहमतबींनी पुन्हा काड्या कापल्या. शहबाजला कळवलं नाही. गोणपाटाची गुंडाळी काखेत मारून त्या ऊर्जानगरच्या बसमध्ये बसल्या. परकोटाबाहेर एकटीनं जायची सवय नव्हती. वाटेत दोनदा कंडक्टरला विचारलं.

बागेत दसरू नावाचा माळी पाणी देत होता. रहमतबींनी नाव सांगताच त्यानं पाइप खाली टाकला.

"तुम्हीच काय त्या पठाणपुऱ्याच्या चाची? या, या."

त्यानं त्यांना बाग हिंडवली. मरवा पसरला होता. गुलेअब्बासच्या पानांवर राखेचा पातळ थर होता, पण झाड जोमात होतं. दुपार असल्यानं फुलं मिटलेली. पलीकडच्या भिंतीलगत मात्र उकरून ठेवलेला एक वाफा रिकामाच होता.

"तिथी काऊन काही नाई?"

"बाई सांगून गेल्या. म्हणे, गुलाब येईल, तवर तिथी काही लावजो नोको."

रहमतबी वाफ्याशी उकिडव्या बसल्या. पदर डोळ्यांना लावला, मग काड्या सोडल्या. दसरूनं खड्डे केले, त्यांनी एकेक काडी तिरपी खोचून माती दाबली.

दोन जगल्या. पहिल्या वर्षी फूल धरलं नाही. दुसऱ्या वर्षी चैतात रहमतबी गेल्या तेव्हा वाफ्याजवळ कॉलनीतल्या बायका वास घेत उभ्या होत्या. नव्या बायका, नव्या बदल्यांवर आलेल्या. त्यांच्यापैकी कोणालाच साधना ठाऊक नव्हती. एकीनं रहमतबींना विचारलं, "कोणाच्या घरी आला आजी?" त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि त्या बाजूला झाल्या.

परतताना त्या एसटीडीच्या दुकानात शिरल्या. दुकानदारानं परळीचा नंबर फिरवून रिसीव्हर हाती दिला. पलीकडं पुरुषाचा आवाज आला. आधीचे साहेब बदलून गेले. कुठं ते त्याला माहीत नव्हतं.

"काही निरोप होता का?" त्यानं विचारलं.

"गुलाब फुलला," रहमतबी म्हणाल्या.

"काय?"

त्यांनी रिसीव्हर दुकानदाराकडं दिला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरी जाईपर्यंत उशीर झाला, आणि त्या दिवशी झाडांना पाणी दिवेलागणीला पडलं.